जगाची खबर आणि घरचा ओटा

माणसाने वाचावे, भरपूर वाचावे, असे मी पस्तीस वर्षे शाळेत मुलांना सांगत आलो. मुलांनी ते ऐकले नाही. ऐकले ते फक्त मी, आणि तेही निवृत्त झाल्यावर. मुलाने एक मोठ्या पडद्याचा मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, आता जगातलं काय हवं ते वाचा." तेव्हापासून मी जगातलं सगळं वाचतो आहे. जग सोडून माझं दुसरीकडे कुठेही लक्ष नाही, अशी घरातून तक्रार आहे. पण तक्रारीकडेही माझं लक्ष नसल्यामुळे संसार सुरळीत चालला आहे.

आमचं चिचगड म्हणजे नागपूर-रायपूर रस्त्यावर जी देवरी लागते, तिथून आत वळल्यावर येणारं गाव. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही भंडाऱ्याचे होतो. चारी बाजूंना जंगल आणि धानाच्या बांध्या. अशा गावात, ओट्यावर खुर्ची टाकून, मी रोज सकाळी न्यूयॉर्कच्या रहदारीची काळजी करतो. मॅनहॅटनच्या ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला गर्दीच्या वेळी मोटार न्यायची तर ५ जानेवारी २०२५ पासून ९ डॉलर मोजावे लागतात. हे बरोबर की चूक, यावर मी इतकं वाचलं आहे की त्या शहराच्या महापौराने मला विचारायला हरकत नव्हती. आमच्या रस्त्यावर रहदारी तुंबते ती एखादा बैल मधोमध रवंथ करत बसला तर, आणि त्याच्याकडून अजून कुणी पैसे घेतलेले नाहीत.

राजकारणाचंही तसंच. २०२२ या एका वर्षात इंग्लंडला तीन पंतप्रधान लाभले. त्या तिघांची नावं मी क्रमाने सांगतो. आमच्या वॉर्डातून ग्रामपंचायतीवर कोण निवडून आलं, हे मात्र मला हिला विचारावं लागतं. यंत्रांना शिकायला शिकवणाऱ्या जेफ्री हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि आता तेच गृहस्थ या यंत्रांपासून सावध राहा म्हणून सांगतात. हे वाचून मला दोन रात्री झोप आली नाही. आमच्या पंपाची मोटर त्याच आठवड्यात जळली. तेव्हा मात्र झोप छान लागली, कारण ती जळली हे मला चौथ्या दिवशी कळलं.

तर असं माझं चाललेलं असताना एक दिवस इंग्लंडमधल्या एकटेपणावर एक सुंदर लेख वाचनात आला. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सरकारने एकटेपणाचं काम पाहायला चक्क एक मंत्री नेमला. नव्वद लाखांहून अधिक माणसांना एकाकी वाटतं, असा आकडा तेव्हा पुढे आला होता. कुणाशी बोलायला मिळेना म्हणून दिवस मोजणारे म्हातारे! माझे डोळे पाणावले. मी तो लेख व्हॉट्सॲपवर चाळीस जणांना पाठवला आणि जेवताना हिलाही वाचून दाखवला.

तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि काकाजींचा हात कसा आहे?"

"हाताला काय झालं?"

"न्हाणीत पाय घसरून मनगट मोडलं. पंधरा दिवस झाले प्लास्टरला. अहो, मी तुम्हाला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही 'हं' म्हणालात."

काकाजी म्हणजे आमचे शेजारी. वय ऐंशीच्या घरातलं, पत्नी वारलेली, मुलगा सून कामाला परगावी. भिंतीला भिंत लागलेली. दहा वर्षं ते रोज सकाळी आमच्या ओट्यावर पेपर वाचायला येत. पेपरची पानं आम्ही वाटून घेत असू. पहिलं पान मला, मधली काकाजींना. मोबाइल आल्यावर मी हिशेब केला, की सगळ्या बातम्या हातात असताना महिन्याला पेपरचं बिल कशाला भरायचं? पेपर बंद केला. मग काकाजी यायचे बंद झाले. यात काही घडलं आहे हे माझ्या लक्षात यायला इंग्लंडच्या सरकारला मंत्री नेमावा लागला. इंग्लंडातले नव्वद लाख मला ठाऊक होते, भिंतीपलीकडचा एक ठाऊक नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फक्त माझा वळसा थेट लंडनवरून गेला.

आता तुम्ही म्हणाल, मी लगेच उठून काकाजींकडे गेलो असेन. नाही गेलो. लाज वाटली की शिकलेला माणूस तत्त्वज्ञानाकडे जातो. काकाजींचं दार दहा पावलांवर होतं. मी स्कॉटलंडच्या ॲडम स्मिथवरून निघालो. १७५९ साली प्रथम निघालेल्या आपल्या नीतीवरच्या ग्रंथात त्याने माझंच चित्र काढून ठेवलं आहे. तो म्हणतो, समजा चीन देश भूकंपात गडप झाला. युरोपातला एक भला माणूस हळहळेल, जीवन कसं क्षणभंगुर आहे यावर चार गंभीर वाक्यं बोलेल आणि नंतर सुखाने घोरेल. पण उद्या त्याची करंगळी कापायची आहे असं ठरलं, तर रात्रभर त्याचा डोळा लागणार नाही. म्हणजे जवळचं दुःख मोठं आणि दूरचं लहान, हा माणसाचा स्वभाव. मला जरा बरं वाटलं. मग ध्यानात आलं, की मी स्मिथच्या माणसाहूनही पुढे गेलो आहे. त्याला करंगळी तरी कळत होती. मी चीनसाठी जागत होतो, आणि मनगट शेजारचं मोडलं होतं.

मग वाटलं, दूरचं वाचणंच वाईट का? मोबाइल विहिरीत टाकावा का? पण तेही पटेना. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यात राहणाऱ्या माणसाने, अमेरिका कधी न पाहता, तिथल्या काळ्या माणसांच्या सुटकेचं वाचून आपल्या माणसांच्या सुटकेची आशा धरली. दूरचं वाचणं फुकट असतं तर हे झालंच नसतं. मात्र एक तारीख माझ्या मनात रुतून बसली. आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केला तो १८६८ मध्ये. आधी घरचा हौद, मग अमेरिकेला अर्पणपत्रिका. माझा क्रम असा, की इंग्लंडसाठी डोळ्यांत पाणी, आणि घरच्या ओट्यावरचा पेपर बंद.

वाचलेलं हे मला उधारीसारखं वाटू लागलं आहे. घेतो आपण लांबून, पण फेडायचं जवळच असतं. न्यूयॉर्कला माझी काळजी पोचत नाही, तिथे ती कुणी मागितलेलीही नाही. दूरचं वाचून हळहळणं सोपं का, तर तिथे उठून जावं लागत नाही. शेजारी जायचं म्हणजे चपला घालाव्या लागतात.

तिसऱ्या दिवशी मी चपला घातल्या.

काकाजी खाटेवर बसले होते. प्लास्टर मांडीवर. मी चौकशी केली, दिलगिरी बोललो, आणि पेपर बंद केल्याचं कबूल केलं. "तुमचं वाचन माझ्यामुळे बुडलं," म्हणालो.

ते हसले. "गुरुजी, मी का वाचाले येत होतो जी? बारीक अक्षर चार वर्षांपासून दिसतच नाही. मी बसाले येत होतो."

"मग यायचं की, काकाजी! पेपर कशाला हवा?"

"तसं नाही जी. हाती पेपर राहिला तं माणूस कामानं आला असं दिसते. रिकाम्या हातानं रोज कोणाच्या ओट्यावर काहून जाव?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. चार वर्षं मधली पानं त्यांच्या हातात होती, ती उलटी होती की सुलटी हे मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा तर माझ्याकडे मोबाइलही नव्हता. म्हणजे सगळा दोष यंत्रावर टाकायचीही सोय राहिली नाही.

पेपर मी पुन्हा सुरू केला आहे. काकाजी येतात, मधली पानं धरून बसतात, आणि मी मोबाइलवरचं मोठ्याने वाचतो. परवा न्यूयॉर्कच्या पैशांबद्दल सांगितलं. त्यांनी डॉलरचे रुपये करून घेतले. आठशेच्या आसपास होतात म्हटल्यावर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मंग बैलबंडीलेही लागते का जी?"

मी सगळा लेख पुन्हा वाचून काढला. त्यात तेवढंच दिलेलं नव्हतं.