भाषेचे देणे

आईबापांनी मुलांना काय द्यावे, असा प्रश्न निघाला की अन्न, वस्त्र, शिक्षण आणि धर्मसंस्कार ही यादी आपण चटकन सांगतो. भाषेचे नाव त्या यादीत क्वचितच येते. ती श्वासासारखी आपोआप येते, असा आपला समज असतो. परंतु आजी-आजोबा ज्या भाषेत बोलतात ती नातवंडांना कळते, बोलता मात्र येत नाही, असे चित्र आज अनेक कुटुंबांत दिसते. त्यातून दोन प्रश्न उभे राहतात. घरची भाषा मुलांना देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे काय? आणि ती जपणे हे मुलांचे कर्तव्य आहे काय? हे दोन प्रश्न वरवर एकच भासतात. पण ते एक नव्हेत, असे आम्हांस वाटते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या या परिसरात ही गोष्ट विशेष जाणवते. सर जॉन माल्कम यांनी १८२८ साली महाबळेश्वरला आरोग्यस्थान वसवले आणि इंग्रजी येथे प्रतिष्ठेची भाषा झाली. पाचगणीत १८९५ साली सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट सुरू झाले. पुढे ते गाव निवासी शाळांचे म्हणूनच ओळखले जाऊ लागले. या शाळांनी पिढ्यांना घडवले, हे निर्विवाद आहे. "घरातही इंग्रजीच बोलू, म्हणजे मूल मागे पडणार नाही," असे म्हणणाऱ्या आईबापांची कळकळही खोटी नाही. पण एक भाषा आत यायची तर दुसरीने बाहेर जायलाच हवे, हे गृहीतक मात्र तपासून पाहिले पाहिजे. वेण्णा तलावाकाठचा घोडेवाला घरी मराठी बोलतो आणि गिऱ्हाईक पाहून हिंदी, गुजराती किंवा इंग्रजीकडे वळतो. चार भाषांचे ओझे त्याला होत नाही. मग आपल्या मुलांनाच ते होईल, असे आपण का मानावे?

भाषा मरते कशाने? सत्तेच्या हुकुमाने मरते, असे आपण समजतो. इतिहास वेगळे सांगतो. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावी. तीन वर्षे सरली, तीनशे वर्षेही सरली. १९८७ साली कोंकणी गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात तिचा समावेश झाला. जी भाषा फर्मानाने मेली नाही, तीच मुंबई-पुण्याच्या अनेक घरांत कोणीही बंदी न घालता एका पिढीत थांबली. हुकूम दारापर्यंत येतो. लाज स्वयंपाकघरापर्यंत जाते. भाषेला खरा धोका असतो तो या लाजेचा.

हीच गोष्ट उलट बाजूने पाहावयाची तर घाट उतरून कोकणात जावे लागेल. रायगड जिल्ह्यात रेवदंड्यासमोर, कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई हे गाव आहे. पोर्तुगीजांनी १७४० साली तेथील किल्ला मराठ्यांच्या हवाली केला आणि ते निघून गेले. त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली मात्र गावातील कॅथॉलिक कुटुंबांत राहिली. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी. बोलणारे तिला 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारे सारे मिळून हजाराच्या आसपास. या बोलीला ना राजाश्रय, ना शाळा, ना लिखित साहित्याची परंपरा. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ती टिकली, ती आयांनी मुलांना त्याच भाषेत हाक मारली म्हणून.

आता त्या गावातील मुले मराठीत शिकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट करून दिल्यावर तेथील उपासनाही मराठीत होऊ लागली. घरची भाषा मागे सरू लागली. येथे आपण मराठी भाषकांनी क्षणभर थांबावे. इंग्रजीने आमच्या मुलांना ओढून नेले, अशी तक्रार आपण करतो. पण कोर्लईच्या मुलाच्या दृष्टीने ती मोठी, नोकरी देणारी, रुबाबाची भाषा म्हणजे आपली मराठीच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आनंद आपणा सर्वांना आहे. लहान भाषेकडे आपण कसे पाहतो, यावरून त्या आनंदाची पारख होईल.

भाषा गेली तर नेमके काय जाते? गाणी, म्हणी, पाककृती जातात, हे खरे. पण त्याहून खोल काहीतरी जाते. याचे एक उदाहरण दूरच्या प्रशांत महासागरातील सामोआ बेटांचे आहे. तेथील पुष्कळ कुटुंबे न्यूझीलंडमध्ये स्थायिक झाली आणि त्यांची मुले इंग्रजीत वाढू लागली. तेथे आता दरवर्षी सामोआन भाषेचा सप्ताह साजरा होतो. त्या भाषेत आदराची वेगळी शब्दसंपत्ती आहे. साध्या माणसाच्या खाण्याला 'आइ' म्हणतात, मान्यवराच्या खाण्याला 'तौमाफा'. साधे घर 'फाले', तर थोर सरदाराचे घर 'माओता'. किशोरवयीन मुलगा ही भाषा शिकतो तेव्हा समोर कोण आहे आणि त्याच्यापुढे आपण कसे उभे राहावे, हेही शिकतो. आपल्याकडे 'ये', 'या', 'यावे' यांत हेच शिक्षण दडलेले आहे. इंग्रजीत आदर नाही असे नव्हे. तो तेथे निराळ्या रीतीने व्यक्त होतो. पण आजीला जो आदर आणि जी लाडिक सलगी ठाऊक आहे, ती तिच्याच भाषेतली असते. ती भाषा नसेल तर नातवंडाला आजी दिसते, परंतु भेटत नाही.

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळू. मुलांनी भाषा 'वाचवावी' असा भार त्यांच्यावर टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. पंधरा वर्षांचे मूल म्हणजे वस्तुसंग्रहालयाचा रखवालदार नव्हे. मोठेपणी ते कोणत्या भाषेत जगेल, हे त्याने ठरवावे. मात्र ठरवण्यासाठी आधी ती भाषा त्याच्या हाती पडली पाहिजे. जे दिलेच नाही ते नाकारताही येत नाही. म्हणून न देणारा आपण मुलाला मोकळीक दिली असे समजतो, पण वास्तविक त्याने मुलाच्या वतीने निर्णय करून टाकलेला असतो. देण्याचे कर्तव्य वडीलधाऱ्यांचे आहे, आणि तेच पहिले आहे. मुलांचे कर्तव्य आईबापांचा मान राखण्याचे. भाषेवर प्रेम करा असे कोणी आज्ञेने सांगू शकत नाही. पण आजीचे ऐकून घ्या, असे निश्चित सांगता येते.

देण्याची रीत काही अवघड नाही. कुमारवयीन मूल घरच्या भाषेत चुकीचे लिंग वा वचन वापरते, तेव्हा पाहुण्यांसमोर हसू नये. त्या एका हसण्याने ते कायमचे गप्प होते. संध्याकाळची कुटुंबप्रार्थना आठवड्यातून एकदा तरी आजी-आजोबांच्या भाषेत व्हावी. सुट्टीत मुलांनी त्यांच्याकडून घराण्याची हकीकत ऐकून वहीत उतरवावी. पाचगणीजवळचे भिलार २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे, आपल्या घरातही अशी एक वही असू द्यावी. आणि सर्वांत सोपे म्हणजे, मुलाचे उत्तर इंग्रजीत आले तरी आपण पुढचा प्रश्न आपल्याच भाषेत विचारावा. उद्याही विचारावा.