समानतेचे चिन्ह आणि शून्याचा निवाडा

दोन गोष्टी समान आहेत असे म्हणताना त्या कोणत्या दृष्टीने समान, हे आपण बहुधा अध्याहृत ठेवतो. गोट्लोब फ्रेगे यांनी १८९२ मध्ये अर्थ आणि निर्देश यांत जो भेद केला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'पर्ल' या संगणकीय भाषेत हे अध्याहृत व्याकरणातच उघड झाले आहे. (वॉल यांचा भाषाविज्ञानाचा अभ्यास होता, हे येथे लक्षात घ्यावे.) तिच्यात समानतेची चिन्हे दोन. '==' हे संख्यांची तुलना करते, 'ईक्यू' हे अक्षरमालांची. '१.०' आणि '१' पहिल्याच्या लेखी समान, दुसऱ्याच्या लेखी भिन्न. म्हणजे समानता वस्तूंत नसून वाचनाच्या रीतीत आहे. 'पीएचपी'त सैल तुलनेचे चिन्ह एकच. रीत भाषाच परस्पर ठरवते. २०२० मधील आठव्या आवृत्तीपूर्वी तिथे 'कविता' हा शब्द आणि शून्य ही संख्या समान ठरत असत.

वरील अंक मी देवनागरीत लिहिले. ते तसेच पर्लपुढे ठेवले तर? युनिकोड म्हणून वाचलेल्या मजकुरात '५' हा अंक आहे, हे पर्लची आकृतिबंध-शोधाची यंत्रणा ओळखते. तुलनेसाठी त्याची संख्या करायची वेळ आली, की मात्र तो शून्य होतो. '७'ही शून्य होतो. आणि '५' व '७' समान ठरतात. सूचना मिळते, पण ती आधी मागून ठेवावी लागते. हे तांत्रिक अपरिहार्यतेतून घडते असेही नाही. 'पायथन'ला '५'ची संख्या करायला सांगितले, तर ती पाचच करते.

माझा आक्षेप न वाचता येण्याला नाही. कोणत्याही वाचनाला मर्यादा असतात. 'जावास्क्रिप्ट' अशा ठिकाणी 'संख्या नव्हे' असे उत्तर देते. ते अपुरे असले तरी प्रामाणिक आहे. 'मला वाचता येत नाही' आणि 'याचे मूल्य शून्य आहे' ही दोन विधाने तर्कदृष्ट्या वेगळी आहेतच, नैतिकदृष्ट्या तर फारच वेगळी आहेत. पहिल्यात वाचक स्वतःविषयी बोलतो, दुसऱ्यात संहितेविषयी निवाडा देतो. जात्यावरची ओवी अक्षरगणवृत्ताच्या मापाने मोजून तिला सदोष ठरवणारा समीक्षक पहिले विधान करायच्या जागी दुसरे करत असतो. आणि त्या मापात न बसणाऱ्या दोन ओव्या त्याला सारख्याच वाटतात.