केशहानी आणि सत्य

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या आम्हां पुरोहितपुत्रांस क्षौराचे भय नसावे. मुंजीत घेरा ठेवून डोके भादरले, तेव्हा आम्ही लाडू खात होतो. तिरुपतीस तर लोक रांगा लावून केस अर्पितात. तेच केस पंचविशीत आपण होऊन जाऊ लागले की जीव व्याकुळ होतो! त्यातून शेंडीचीच जागा आधी ओस पडावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

यात पापाचे फळ शोधू नये. पुरुषसंप्रेरकामुळे टाळूवरील केशमुळे आनुवंशिकतेने क्षीण होतात, मानेवरची तगतात. ती टाळूवर लावली तरी मूळचा गुण सोडीत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. केशरोपण याच तत्त्वावर चालते. तेव्हा तो केस उसना नव्हे, स्वतःचाच. त्यास ढोंग म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

ढोंग आहे ते लपविण्यात. वधूपक्षाकडे जुने छायाचित्र धाडणारा केशरोपण न करताही असत्यच बोलतो.

आम्ही स्वतः तूर्त थांबणार आहोत. मानेवरचा साठा मर्यादित असतो, भोवतीचे मूळचे केस गळतच राहतात. म्हणून विशीत घाई नको, असे जाणते शल्यवैद्य सांगतात. दक्षिणेवर चालणाऱ्या घरात खर्चाचाही विचार आहेच. मात्र ज्याने केशरोपण करविले, त्याने लग्नाच्या बोलणीतच ते सांगावे. शस्त्रक्रियेने टाळू बदलते, बीज बदलत नाही. आणि उद्या मुलाचे केस विरळ होऊ लागले, तर आई त्याचे कारण विचारणारच.