घर आणि बिऱ्हाड

आपल्या भाषेंत घर आणि बिऱ्हाड हे दोन शब्द निरनिराळे आहेत, आणि कोंकणांतील माणसास त्यांतील भेद शिकवावा लागत नाहीं. मालवण तालुक्यांतील कट्ट्याचा चाकरमानी पूर्वीं मुंबईस गिरणींत कामाला लागे आणि परळास खोली घेई. तें त्याचें बिऱ्हाड. घर मात्र कट्ट्यासच असे. जातांना तो एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन जाई, आणि चतुर्थीस परत येई तेव्हां घरांतील प्रत्येक वस्तु आपापल्या जागीं असे. काय न्यावें आणि काय ठेवावें हा त्याच्यापुढें नीतीचा प्रश्न म्हणून कधीं उभाच राहिला नाहीं. ट्रंकेच्या आकारानें तो आधींच सोडविलेला असे.

आज ट्रंकेच्या जागीं वीस फुटी लोखंडी कंटेनर आला आहे. परदेशीं कायमचें जाणारें कुटुंब बिऱ्हाड हलविण्याचा धंदा करणाऱ्या मंडळींस बोलावितें. तीं माणसें भांड्यांस कागद गुंडाळतात, आरशास फळ्यांची चौकट ठोकतात, प्रत्येक खोक्यावर आंकडा घालतात आणि त्या आंकड्यांची यादी करतात. यादींत वस्तूचें नांव, ती जुनी कीं नवी, आणि तिची किंमत. किमतीवांचून विमा उतरत नाहीं, आणि यादीवांचून परक्या बंदरांतील जकातदार माल सोडीत नाहीं. यांत निंद्य असें कांहीं नाहीं. उलट, दुसऱ्याची बशी इतक्या काळजीनें गुंडाळणारा मनुष्य मीं माझ्या नात्यांत तरी पाहिलेला नाहीं.

गेल्या वर्षीं वैशाखांत कट्ट्यास एका स्नेह्याकडे हा सोहळा पाहण्याचा योग आला. घर दोन भावांचें. एका बाजूस त्याची विधवा काकी राहते, दुसरी बाजू त्याच्या वाट्याची. तो मेलबर्नला जावयाचा होता. ऑस्ट्रेलियाचा नियम असा कीं, सामानावर मातीचा कण आणि लाकडांत कीड असतां कामा नये. आढळल्यास वस्तु औषधानें शुद्ध करतात, परत पाठवितात किंवा नष्ट करतात. म्हणून माजघरांतील फणसाच्या लाकडाचा जुना पाट ब्रशानें घांसला जात होता. यादींत त्याची नोंद झाली होती : लाकडी पाट, जुना, रु. 200.

काकी बाजारांतून परतल्या. त्यांनीं पाट पाहिला आणि एवढेंच विचारलें, "मगे औंदा गणपती कशार बसतलो?"

ज्यांस आमच्याकडील रीत ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों : चतुर्थीपूर्वी कांहीं आठवडे घरचा पाट गणपतीच्या शाळेंत नेऊन देतात, मूर्ति त्याच पाटावर घडते, आणि विसर्जनानंतर पाट तेवढा घरीं परत येतो. घांसून काढलेली माती त्या विसर्जनाच्या ओहोळाची होती.

"काकी, मी तुका नवो पाट करून देतंय, ह्याच्यापेक्षा बरो," पुतण्या म्हणाला. पाट आजोबांनीं करविलेला आणि तो त्यांचाच नातू. लाकडापुरतें बोलावयाचें तर त्याचें म्हणणें मला खोडतां येत नाहीं.

पण प्रश्न लाकडाचा नव्हता. पूर्वीं घरांतील जड वस्तु हलवावयाची तर शेजाऱ्यास हांक मारावी लागे. हांक मारली कीं कारण सांगावें लागे, आणि कारण ऐकून कोणी तरी "तो नको नेऊंस" असें म्हणे. पैसे घेऊन काम करणारा परका मनुष्य कारण विचारीत नाहीं. विचारणें हा त्याचा अधिकारही नव्हे. आपण त्यास श्रमाचे पैसे देतों असें समजतों. पुष्कळदां आपण घरच्यांस न विचारण्याची सवलत विकत घेत असतों.

कोणी म्हणेल, विचारीत बसलें तर कोणी गांव सोडूं शकणार नाहीं. 1834 पासून करारबंद मजूर म्हणून मॉरिशसला जे गेले त्यांत मराठी माणसेंही होतीं. त्यांच्याजवळ पाट कोठून असणार? तरी आज तेथें गणेशचतुर्थी सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. म्हणजे सामानांत काय आहे? हा युक्तिवाद मलाही आवडतो, आणि म्हणूनच त्याचें भय वाटतें. त्यांस निवड नव्हती. ज्यास निवड आहे त्यानें त्यांच्या गांठोड्याआड लपूं नये.

पाट गेला. सुतारानें फणसाचाच नवा पाट केला. तो जुन्याहून रुंद झाला. मूर्ति त्यावर बसली, आणि आरतीच्या वेळीं कोणास कांहीं उणें वाटलें असें मला दिसलें नाहीं. जुना पाटही मेलबर्नला सुखरूप पोंचला. यादीप्रमाणें पाहिलें तर कोठेंच कांहीं हानि झाली नव्हती. ज्याची भरपाई होते तेवढेंच नुकसान ही व्याख्या विमेवाल्यास शोभते. विचारलें जाण्याचा काकींचा हक्क त्या कागदावर कोणत्या रकान्यांत लिहावयाचा, हें मला अजून सुचलेलें नाहीं.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं मेलबर्नहून फोन आला. त्यानें तिकडे लहानशी मूर्ति त्याच पाटावर बसविली होती. नवा पाट केवढा झाला, असें त्यानें विचारलें. काकींनीं वितीनें मोजून सांगितलें. मग त्यांनीं विचारलें, जुना पाट तिकडे कोण धुतो.