आधी बूट उलटा कर

ग्लोव्ह काढ. दोन्ही. आणि खाली बस. बाकीच्यांनीही दोऱ्या ठेवा आणि इकडे या, कारण हा प्रश्न याच्या एकट्याच्या डोक्यातला नाही. गेला महिनाभर पाणी प्यायला थांबलात की तुम्ही सगळे हेच चघळताय. हुक जड की क्रॉस जड? अपरकटने माणूस उचलला जातो का? आज याने मला तोंडावर विचारलं, बरं झालं.

उत्तर देतो. त्याआधी उजवा बूट काढ आणि सगळ्यांना दिसेल असा उलटा धर.

बघा नीट. आठ महिने हा मुलगा इथे येतोय. ग्लोव्हचं चामडं पेरांवर फाटायला आलंय, आणि बुटाच्या तळाला चवड्याखालची नक्षी दुकानातून आणली तशी आहे. झिजली आहे ती टाच. आठ महिने याने बॅग बडवली, पण मागचा पाय चवड्यावर फिरवलाच नाही. टाच रोवून उभा राहिला आणि नुसता दंड फेकत राहिला. मी रोज ओरडतो, "टाच उचल, कंबर फिरव." पालथ्या घड्यावर पाणी.

आता आकडे ऐका. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉक्सरांच्या ठोशाचा जोर यंत्रावर मोजला होता. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांच्या मागच्या हाताचा जोर सरासरी 4800 न्यूटन भरला, पुढच्या हाताचा 2847. नवशिक्यांचा मागचा हात भरला 2381. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवा. मुरलेल्या बॉक्सरचा पुढचा हात, जो तुम्हाला नुसता चाचपायचा हात वाटतो, तो नवशिक्याच्या सगळ्यात जड हातापेक्षा जड आहे. पुढे 2005 साली 11 ऑलिंपिक बॉक्सरांना एका यंत्रपुतळ्याच्या डोक्यावर वेगवेगळे ठोसे मारायला लावले, तिथे हुक सगळ्यांत जड निघाला, सरासरी 4405 न्यूटन. तेव्हा तुला नाव हवं असेल तर घे: मागच्या हाताचा क्रॉस आणि हुक, या दोघांतच पहिला नंबर आहे. शिवाय हुक जबड्यावर बाजूने बसला की डोकं गर्रकन फिरतं, कवटी फिरते आणि मेंदू मागे राहतो. माणूस बेशुद्ध होतो तो बहुतेक त्या झटक्याने.

मिळालं उत्तर? या उत्तराने तुझा ठोसा रतीभर तरी जड झाला का?

जोर जमिनीतून येतो. मागच्या पायाच्या चवड्याने जमीन ढकलायची, टाच बाहेर वळते, मग कंबर, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी. या साखळीची पहिली कडीच तू तोडलीस. कमरेखालचं सगळं शरीर रिंगमध्ये आणतोस आणि वापरत नाहीस.

फोनवर तू जो फ्रेझरचा हुक पुन्हा पुन्हा बघतोस, तो मीही पाहिलाय. 8 मार्च 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जो फ्रेझरचा डावा हात लहानपणी शेतावर पडल्यापासून कोपरात पुरता सरळ होत नसे. त्याच वाकड्या हाताने त्याने महंमद अलीला पाठीवर पाडलं. पण कितव्या राउंडला? 15व्या. चौदा राउंड गुडघे वाकवून, डोकं खाली-वर करत तो अलीच्या अंगावर चालत गेला होता, आणि 15व्या राउंडलाही त्याचे पाय त्याला खालून वर उसळी देत होते. तुझे गुडघे तिसऱ्या राउंडला काठीसारखे सरळ होतात. तू त्याचा हात बघतोस, पाय बघत नाहीस.

आणि पुढचं कोणी बघितलं नसेल, म्हणून सांगतो. जानेवारी 1973 मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन राउंडांत सहा वेळा खाली पाडलं. एवढा जड हात त्या काळात दुसऱ्या कोणाचा नव्हता, असं मी मानतो. 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात त्याच फोरमनसमोर अली उभा राहिला. दोरांना टेकला, हात वर धरून मार अंगावर घेत राहिला, मध्येच नेमका सरळ ठोसा तोंडावर ठेवत राहिला. फोरमनचे हात जड झाले, पाय जड झाले, आणि आठव्या राउंडला तो पडला. फ्रेझरने अलीला पाडलं, फोरमनने फ्रेझरला, अलीने फोरमनला. आता यातून सगळ्यात ताकदवान ठोसा निवडून दाखव मला.

हे झालं प्रश्नाचं. पण मी एवढा आवाज चढवला तो या प्रश्नासाठी नाही.

काल संध्याकाळी तुला स्पॅरिंगला तुझ्याहून सहा किलोने हलका मुलगा दिला होता. फक्त जॅब, अर्ध्या जोराने, असं मी दोनदा बजावलं होतं. मी दुसऱ्या मुलाचं हेडगार्ड बांधायला वळलो आणि तू पूर्ण जोराने हुक फिरवलास, कारण कठड्यावर मित्राने फोन धरला होता. तो पोरगा पडला नाही. पण मी त्याला आज कोणता वार विचारलं, तर त्याला आठवायला वेळ लागला. ते चार-पाच सेकंद मी विसरणार नाही. रात्रीच त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो रिंगमध्ये येणार नाही. पाठ फिरवली ही माझी चूक. ती मी त्याच्या वडिलांना घरी जाऊन सांगितली. तुझी चूक तू जाऊन सांगायची आहे, आज, इथून थेट.

आता हात पुढे कर. करंगळीखाली सूज आहे ना? लपवू नकोस, मी मघाशीच पाहिली. पट्टी नीट गुंडाळली नव्हतीस, मूठ सैल होती, आणि ठोसा शेवटच्या दोन पेरांवर बसला. बसायला हवा पहिल्या दोन बोटांच्या पेरांवर. करंगळीमागचं ते हाड असंच मोडतं, म्हणून त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात, आणि ते जास्त करून कच्च्याच हातांचं मोडतं. एका व्हिडिओसाठी तू त्याचं डोकं आणि तुझा हात, दोन्ही पणाला लावलेस.

तुझ्यात जोर आहे. नसता तर मी इतका वेळ घालवला नसता. खांदे चांगले आहेत, डोळा चांगला आहे, मार खायला घाबरत नाहीस. म्हणूनच सांगतोय, आणि पुन्हा सांगणार नाही.

उद्या एक्स-रे काढून कागद घेऊन ये. ग्लोव्ह माझ्या कपाटात राहतील. हात बरा होईपर्यंत रोज सकाळी साडेपाचला यायचं, त्या खडूच्या रेघेवर नुसती पावलं टाकायची, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी मागचा पाय चवड्यावर फिरवायचा. चवड्याखालची नक्षी पुसली गेली की बूट मला आणून दाखव. त्या दिवशी हुक शिकवतो.