एका दमाचा चढ

पैनगंगेच्या काठाला, आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला मंडलात एक गाव आहे. नदीच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगणा. 1956 साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या तेव्हा याच जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके पलीकडे गेले. हे गाव इकडे राहिलं. बोली तीच राहिली. घरात मराठी, बाजारात तेलुगू, असं इथलं चालतं.

त्या गावात एक म्हातारा शेतकरी राहत होता. त्याची पाच एकर काळी जमीन होती, एक बंडी होती, एक थोरला बैल होता आणि एक गोऱ्हा. थोरल्याचा जोडीदार मागच्या हिवाळ्यात गेला. म्हणून म्हाताऱ्याने हा गोऱ्हा विकत आणला आणि त्याला जुवाची सवय लावायला घेतली. आधी लाकडाचा ओंडका ओढायला लावला. मग रिकामी बंडी. गोऱ्हा अंगाने भरलेला होता, डोळ्याने तेज होता. पण खांदा कोवळा होता.

म्हाताऱ्याला एक नात होती. ती त्याला आबा म्हणायची. ती मराठी शाळेत शिकली. 2023 च्या उन्हाळ्यात दहावी झाली. त्या वर्षी तेलंगणात दहावीला अकरा पेपरांऐवजी सहाच पेपर होते, आणि पोरीला सहाही विषयांत चांगले मार्क पडले. आता इंटरला जायचं होतं, आदिलाबादला. अकरावी-बारावीला इकडे इंटर म्हणतात.

एका रात्री पोरीने वहीचं पान फाडलं आणि यादी केली. ग्रुप एमपीसी, म्हणजे गणित, फिजिक्स, केमिस्ट्री. माध्यम इंग्रजी. दुसरी भाषा संस्कृत, कारण संस्कृतला मार्क पडतात असं सगळे सांगत. सकाळी जेईईचा क्लास. संध्याकाळी राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा क्लास. रविवारी कॉम्प्युटर, त्यानंतर स्पोकन इंग्लिश. आणि रोज बसने जाऊन-येऊन.

हैदराबादचा मामा फोनवर म्हणाला होता, "दोनच वर्षं आहेत बेटा. सगळं घेऊन टाक."

पोरीने यादी आबाला दाखवली. आबाने दिव्याजवळ धरून ती वाचली. काही बोलला नाही. घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. ही बंडी म्हणजे अंगातली. मग म्हणाला, "मृग जवळ आला. उद्या खत टाकायचं हाय. येशील?"

"येते ना आबा."

सकाळी दोघं उकिरड्यावर गेली. उकिरड्यात अडीचशे टोपल्यांचं खत असेल. आबाने बैल जुंपले, पोरीच्या हातात फावडं दिलं.

"किती टोपल्या टाकू आबा?"

"तुले वाटतील तितक्या."

पोरीने मनात हिशेब केला. साठ-साठ टाकल्या तर चार-पाच खेपांत उकिरडा रिकामा. ऊन चढायच्या आत अर्धं काम होईल. तिने साठ टोपल्या भरल्या. खत तट्ट्याच्या वर आलं. तिने ते फावड्याने थापून बसवलं.

आबाने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा गोऱ्ह्याकडे. कासरा हातात घेतला.

गावातून शेताकडे जाताना मधे एक नाला लागतो. पावसाळ्यात तो कमरेइतका वाहतो, मे महिन्यात त्यात नुसती रेती असते. नाल्यानंतर लगेच चढ आहे. चढ फार लांब नाही, पण उभा आहे.

बंडी सपाट वाटेने नीट चालली. पोरगी खुशीत होती. नाल्यात उतरली आणि चाकं रेतीत शिरली. थोरल्याने मान खाली घालून जोर लावला. गोऱ्ह्यानेही लावला. बंडी हातभर सरकली, थांबली. पुन्हा जोर. पुन्हा हातभर. तिसऱ्यांदा गोऱ्ह्याचे पुढचे पाय गुडघ्यात वाकले आणि तो जुवाखालीच बसला.

पोरीने शेपटी धरून त्याला उठवायला पाहिलं. तो उठला नाही. त्याची जीभ बाहेर आली होती.

आबाने त्याला मारलं नाही. त्याने शिवळा काढल्या, जू उचललं आणि दोन्ही बैल सोडले. मग पोरीला जवळ बोलावून तिचा हात गोऱ्ह्याच्या खांद्यावर ठेवला. तळहाताएवढी जागा गरम लागत होती. केस घासून गेले होते आणि खालची कातडी फुगली होती.

"खांदा आला याचा," आबा म्हणाला. "एकदा जुवाखाली बसला की बैल बसणं शिकतो. मग हलक्या बंडीलेही बसतो."

दोघांनी साठही टोपल्या खत नाल्याच्या काठावर उतरवलं. भर उन्हात. शेजारचा एक शेतकरी धावून आला, त्याने चाकाला खांदा लावला, तेव्हा रिकामी बंडी निघाली. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्यामुळे मुक्या जनावराला दुखलं, हे तिला सहन होत नव्हतं. अशा वेळी कुणालाच सहन होत नाही. पोराबाळांवर जास्त भरणारे हातही मायेचेच असतात. माया असली म्हणून खांदा यायचा राहत नाही.

चार दिवस गोऱ्ह्याला जू लावलं नाही. पोरगी सकाळ-संध्याकाळ त्याच्या खांद्याला हळद आणि तेल लावायची. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आबा, मी एमपीसी नाही घेत. गणित नाही, फिजिक्स नाही. सगळ्यात सोपं असंन ते घेते. मलेही बसायचं नाही जुवाखाली."

आबा म्हणाला, "उद्या खत टाकू."

दुसऱ्या दिवशी पोरीने पंधराच टोपल्या भरल्या. आबाने तेही भरू दिलं. बंडी खडखडत निघाली. नाल्यात चाक रुतलं नाही. चढावर बैल पळतच गेले. पोरीला हायसं वाटलं. अशा दोन खेपा झाल्या, तीन झाल्या, चार झाल्या. चौथ्या खेपेला गोऱ्हा वाट सोडून बाजूच्या गवताकडे ओढायला लागला. त्याला ओझंच नव्हतं. थोरला एकटा सरळ चालत होता. दुपार झाली. उकिरडा पाहिला तर निम्म्याहून जास्त तसाच होता.

"अजून किती खेपा आबा?"

"अशानं? नऊ-दहा."

"तोवर मृग लागंल."

"लागंल की."

पोरगी गप्प झाली. मग तिने फावडं आबाच्या हातात दिलं. "तुम्ही भरा."

आबाने भरायला घेतलं. दहा टोपल्या झाल्या की तो थांबायचा, पुढे जायचा आणि जू हाताने उचलून पाहायचा. पुन्हा दहा टाकायचा, पुन्हा उचलायचा. एकदा त्याने पोरीला जू धरायला सांगितलं आणि खताचा ढीग मागच्या बाजूला ओढला. जू तिच्या हातातून वर उसळलं.

"हे काय झालं?"

"उलार झाली बंडी. सगळं मागं पडलं. आता हे जू बैलाचा गळा वर ओढंल. ओझं तेवढंच हाय, पण बैलाले चालता येणार नाई." त्याने ढीग पुढे सारला. "आता पाय."

जू तिच्या हातात शांत बसलं. जड होतं, पण पेलत होतं.

पस्तीस टोपल्यांवर आबा थांबला.

बंडी नाल्यात उतरली. चाकं रेतीत थोडी शिरली, बैलांनी माना घातल्या आणि बंडी बाहेर निघाली. चढ लागला. अर्ध्या चढावर गोऱ्हा थांबला. पोरीच्या छातीत धस्स झालं. आबाने चाकामागे दगड ठेवला आणि कासरा सैल सोडला. गोऱ्ह्याच्या नाकपुड्या फुलत होत्या, पोट वर-खाली होत होतं. थोरला उभ्याउभ्या रवंथ करायला लागला. थोड्या वेळाने गोऱ्ह्याने आपणहून मान जुवात घातली आणि पाऊल उचललं. मग तो वर पोचेपर्यंत थांबला नाही.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून चार खेपा झाल्या. घरचा उकिरडा रिकामा झाला. नाल्याकाठचं खत तिसऱ्या दिवशी नेलं.

काम संपलं त्या रात्री आबाने खिशातून यादी काढली. घामाने तिच्या घड्या मऊ झाल्या होत्या.

"आता मले सांग. याच्यातलं कोणतं किती टोपल्यांचं?"

पोरीने सांगितलं. इंटरला एमपीसीचे एकूण 1000 मार्क. पहिल्या वर्षी 470, दुसऱ्या वर्षी 530. पहिल्या वर्षी गणिताचे दोन पेपर, 75-75 चे. फिजिक्स 60, केमिस्ट्री 60. इंग्रजी 100, दुसरी भाषा 100. दुसऱ्या वर्षी तेवढेच, वरून प्रॅक्टिकलचे साठ.

"म्हणजे सरकारनं ओझं दोन खेपांत वाटूनच ठेवलं हाय," आबा म्हणाला. "अन् ही प्रवेश परीक्षा?"

"तीन तासांत 160 प्रश्न. त्यात 80 नुसते गणिताचे."

"कधी असते?"

"दुसरं वर्ष संपल्यावर."

"तो नाला दोन वर्षांनी लागणार. अन् तू आजच त्याची रेती बंडीत भरून राहिली."

पोरीने पेन घेतलं. गणित ठेवलं. फिजिक्स, केमिस्ट्री ठेवलं, कारण तिला तेच शिकायचं होतं. इंग्रजी माध्यम ठेवलं, आणि तिथे ती बराच वेळ थांबली. दहा वर्षं तिने विज्ञान मराठीत वाचलं होतं. आता घर्षण, वेग, अणुभार हे सगळे शब्द नव्याने शिकावे लागणार होते. एमपीसीचं निम्मं ओझं खरं तर तिथेच होतं, आणि यादीत त्याला दोनच शब्द होते.

मग तिने दुसऱ्या भाषेवर बोट ठेवलं. गणित नव्या भाषेत, फिजिक्स नव्या भाषेत, केमिस्ट्री नव्या भाषेत, आणि त्यात संस्कृत पहिल्यापासून. सगळं मागेच पडत होतं. इंटरला दुसरी भाषा म्हणून मराठीही घेता येते. तिने संस्कृत खोडलं आणि मराठी लिहिलं.

जेईईचा क्लास खोडला. प्रवेश परीक्षेच्या क्लाससमोर लिहिलं, 'पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत'. कॉम्प्युटर आणि स्पोकन इंग्लिश दोन्ही खोडले, आणि त्या जागी लिहिलं, 'रोज एक तास, फिजिक्सचे शब्द'.

मामाचा फोन आला तेव्हा तिने यादी वाचून दाखवली. मामा म्हणाला, "एवढंच?" पोरगी म्हणाली, "हो मामा, एवढंच. पण पूर्ण."

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. पहाटे उठून डबा, मग बस, मग दिवसभर वर्ग, संध्याकाळी पुन्हा बस. गणित जमू लागलं. केमिस्ट्री हळूहळू उलगडली. मराठीच्या तासाला ती ताठ बसायची. फिजिक्स मात्र अवघड जायचं. पहिल्या चाचणीत तिला पंचवीसपैकी नऊ मार्क पडले. त्या दिवशी ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर शब्दांची वही काढली आणि तासाऐवजी दोन तास बसली. पुढच्या चाचणीत चौदा पडले.

त्या वर्षी श्रावण अधिक आला, म्हणून पोळा सप्टेंबरात गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू राहिलं, त्या खांद्याला त्या दिवशी तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकतात. पोरगी कॉलेजातून आली आणि दप्तर न ठेवताच गोठ्यात गेली. आबाने थोरल्याचा खांदा शेकला होता. पळसाची पानं त्याने पोरीच्या हातात दिली.

तिने गोऱ्ह्याच्या खांद्यावर हात ठेवला. मे महिन्यात जिथे गरम लागलं होतं, तिथे आता कातडी जाड आणि घट्ट झाली होती. दाबलं तरी गोऱ्हा हलला नाही.

"आबा, मी अजून फिजिक्सला थांबते," ती म्हणाली.

"चढावर किती वेळा थांबतेस?"

पोरीने विचार केला. "एकदा. मग जाते पुढं."

"मग ओझं बरोबर हाय," आबा म्हणाला. "बैल चढावर थांबलाच नाई, तर बंडी रिकामी. बसला, तर जास्त भरली. एकदा दम घेऊन वर गेला, तर खांदा तयार होतो."

पोरीने पानं तुपात बुडवली आणि खांदा शेकत राहिली. तूप केसांतून खाली ओघळलं. शेकून झाल्यावर ती गोऱ्ह्याच्या कानाशी वाकली, आणि उद्याच्या पुरणपोळीचं आवतण तिने त्याला हळूच सांगितलं. गोऱ्ह्याने कान हलवला.