बिऱ्हाड पाठीवर आहे, दत्ता

दत्ता, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. कॅरॅव्हॅनच्या टपावर पाऊस असा वाजतोय, जणू कुणी डोक्यावर बसून सुपात तांदूळ पाखडतंय. हे केव्हाच झोपलेत. आमचा कुत्रा खंड्या माझ्या पावलांवर हनुवटी टेकून पडलाय, त्यामुळे मला हलता येत नाही, आणि हलता येत नाही म्हणूनच आज तुझ्याशी निवांत बोलायला सवड मिळाली. निरांजन लावलेलं नाही. गॅसची टाकी असलेल्या गाडीत ज्योत नको, हा ह्यांचा दंडक. बॅटरीवरचा दिवा लावलाय, तेवढा गोड मानून घे. नृसिंहवाडीहून आणलेली तुझी तसबीर फ्रिजच्या दाराला चुंबकाने अडकवली आहे. वळणावर गाडी कलंडली की तू तिरका होतोस. मुक्कामाला पोचल्यावर पाण्याचं पिंप भरायच्या आधी मी तुला सरळ करते.

खरं तर तुझ्याइतका फिरस्ता देव दुसरा नाही. बाकीचे देव आपापल्या गाभाऱ्यात असतात, भक्तांनी तिथवर यायचं. तुझं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला, हे मी लहानपणापासून ऐकत आले. रोजचा एवढा प्रवास आणि कुठे आगाऊ नोंदणी नाही. म्हणून तर वाडीला आम्ही तुझ्या मूर्तीपेक्षा पादुकांपुढे डोकं टेकवतो. चालणाऱ्याचे पायच खरे. आम्हांला मात्र रेडिंगहून सॉल्झबरीला जायला अर्धा दिवस लागला. मागे कॅरॅव्हॅन जोडली की साध्या रस्त्यावर ताशी 50 मैलांच्या वर जायचं नाही, मोटरवेवर 60. मागे लागलेली रांग आरशात दिसत असते. त्या रांगेतल्या प्रत्येकाने मनात आम्हांला काय काय म्हटलं असेल ते तुला ऐकू आलंच असेल. त्यांना क्षमा कर. ह्यांनाही कर, कारण हेही उत्तर देत होते.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आमची आई भाडेकरूंना हिणवायची. आता तिच्याच लेकीचं बिऱ्हाड मोटारीच्या पाठीवर आहे. पलंग आहे, शेगडी आहे, परातीएवढं बेसिन आहे, आणि संडासाची टाकी रोज सकाळी कुणीतरी हातात धरून रिकामी करायला न्यायची आहे. ते काम हे करतात. बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यासाठी इतकं थोर काही केलेलं मला आठवत नाही, याची नोंद तुझ्या दरबारी असू दे.

मुक्कामाला पोचल्यावरची ती पंधरा मिनिटं मात्र तू सांभाळ, दत्ता. कॅरॅव्हॅन मागे घेणं हे उलट्या बुद्धीचं काम आहे. ती डावीकडे वळायला हवी असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. मी मागे उभी राहून हात करते. हे काच खाली करून विचारतात, "डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?" आजूबाजूचे इंग्रज खुर्च्या बाहेर मांडून, हातात चहाचा कप घेऊन बघत असतात. हा त्यांचा फुकटचा तमाशा. कुणी हसत नाही, ते सभ्य लोक आहेत, पण कुणी उठूनही जात नाही. परवा तर मी चिडून शेजारच्या झाडाला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, तुमच्या मनाला येईल तिथे लावा. आणि गाडी पहिल्या झटक्यात जागेवर बसली! तो दिवस गुरुवार होता, म्हणून त्याचं श्रेय मी तुला दिलं. ह्यांचं मत वेगळं आहे.

या सगळ्या गडबडीत खंड्या दोरी ताणून बसलेला असतो. चाकं थांबली, चारही कोपऱ्यांचे पाय खाली आले, की तो दारापाशी जाऊन अंग टाकतो. त्याच्या लेखी घर आलं. कालचं घर सॉल्झबरीत होतं, आजचं न्यू फॉरेस्टमध्ये. मैदानात चाळीस पांढऱ्या कॅरॅव्हॅन असतात, सगळ्या एका साच्यातल्या. अंधारात मी दोनदा दुसऱ्याच्या दाराची कडी ओढली आहे. तो कधी चुकत नाही.

आणि त्याची मधुकरी! तुझ्या नावाने मधुकरी मागणारे वाडीला पाहिले होते, पण असा निष्ठावंत पाहिला नव्हता. सकाळी आठच्या सुमाराला मैदानावर बेकनचा वास सुटतो. आमच्याकडे असतं थालीपीठ. खंड्या थालीपिठाला मान देऊन एक तुकडा खातो आणि मग दोरीच्या टोकाला मला धरून पाच घरं फिरतो. समोर जाऊन बसायचं, भुंकायचं नाही, मान किंचित कलती ठेवायची. कुणी सॉसेज देतं, कुणी पावाची कड. मी कांद्याची आणि बेदाण्यांची चौकशी करते, कारण दोन्ही त्याला विष. पाच घरं झाली की सहाव्याकडे बघत नाही. हा नियम त्याला कुणी शिकवला? मी तर नाही.

तुला एक गोष्ट सांगायची होती. हौसेखातर भटकायला अशी गाडी या देशात पहिल्यांदा बांधून घेतली ती 1885 मध्ये, डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी. नौदलातले निवृत्त सर्जन, राहायला आमच्या रेडिंगशेजारच्या ट्वायफर्डला. ब्रिस्टलच्या कारखान्यात बांधलेल्या त्या गाडीचं नाव 'वाँडरर', म्हणजे भटक्या. ओढायला दोन घोडे, आणि सोबत हरिकेन बॉब नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा. त्या उन्हाळ्यात ते पार स्कॉटलंडात इन्व्हर्नेसपर्यंत गेले. म्हणजे या छंदाच्या पहिल्या पानावरच कुत्रा आहे. पण त्याच्याही कितीतरी आधीपासून अशा गाड्यांत रोमानी लोक राहत, जत्रेतले खेळवाले राहत, आपल्याकडच्या गाडीलोहारांसारखे, पोटासाठी. आम्हां हौशी लोकांना आज वीज, पाणी, गरम शॉवर असलेली जागा आधीपासून राखून मिळते. ज्यांचं खरं बिऱ्हाडच चाकांवर आहे त्यांना मात्र गावोगावी पुढे जा, पुढे जा म्हणतात. तू त्यांच्यातला आहेस, आमच्यातला नव्हेस, हे मला कळतं. त्यांना आज रात्री कुठेतरी गाडी उभी करू दे.

सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये काय झालं ते तू पाहिलंसच. 123 मीटरचं शिखर, ब्रिटनमध्ये याहून उंच नाही. मी खंड्याला घेऊन बाहेर थांबणार होते, हे आत जाऊन येणार, मग मी जाणार, असा आमचा नेहमीचा करार. दारातल्या बाई म्हणाल्या, दोरी धरून त्यालाही आणा की! दत्ता, माझा पाय उंबऱ्यावरच अडखळला. आमच्याकडच्या एका दत्तमंदिरात, गावाचं नाव घेत नाही, पायरीवर बसलेल्या कुत्र्याच्या पाठीत काठी बसलेली मी लहानपणी पाहिली आहे. आत गाभाऱ्यात तुझ्या पायाशी चार कुत्री, चार वेद म्हणून त्यांना हळदकुंकू, आणि पाचव्याला काठी. तेव्हा मी आईला विचारलं होतं, आणि आईने गप्प बस म्हटलं होतं. पन्नास वर्षांनी तुला विचारते.

खंड्या आत आला. 1386 सालचं मानतात ते जुनं घड्याळ तिथे आहे, त्याला तबकडी नाही, काटे नाहीत, फक्त लोखंडी चाकं आणि दोर. त्याच्यासमोर तो थंडगार फरशीवर पोट टेकून पडला. 1215 ची मॅग्ना कार्टा ही सनद बघायला हे एकटेच गेले, मी नाही गेले. मी तिथेच त्याच्या शेजारी बसले आणि येशूच्या घरात बसून तुझं नाव घेतलं. दोघांपैकी कुणाला वाईट वाटलं असेल तर माझ्यावर राग धरावा, त्याच्यावर नको.

संध्याकाळी एव्हन नदीकाठी गेलो. खडूच्या टेकड्यांतून झिरपून आलेलं पाणी, तळाच्या गवताची पाती मोजावीत इतकं नितळ. अशा नद्या जगात बहुतेक इंग्लंडातच. तिथे पाण्यावरून एक निळी ठिणगी सरकन गेली. हे ओरडले, "खंड्या!" आणि आमच्या खंड्याने कान टवकारले. पक्षी गेला, कुत्रा आला, आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ वेड्यासारखे हसत राहिलो. हा विनोद त्या काठावर दुसऱ्या कुणाला कळण्यासारखा नव्हता. तुला कळला असेल.

आता या रानाविषयी. नाव न्यू फॉरेस्ट, पण विल्यम राजाने ते शिकारीसाठी राखलं 1079 मध्ये. इथली घोडी मोकळी हिंडतात, पण त्यांना मालक आहेत, पिढीजात चराईचा हक्क असलेले. रस्त्यांना कुंपण नाही. रात्री शिंगरू मध्येच येऊन उभं राहतं, म्हणून काही घोड्यांच्या गळ्यात चमकणारे पट्टे असतात. उद्या आमच्या चाकाखाली कुणी येऊ देऊ नकोस. माळावर टिटवीची इथली बहीण जमिनीवरच अंडी घालते, रातवा मे महिन्यात आफ्रिकेतून येऊन उघड्यावरच बसतो. म्हणून मार्च ते जुलै कुत्र्याला अशा माळावर दोन मीटरच्या दोरीत धरायचं. खंड्याला हे पटत नाही. त्याच्या नाकाला सशाचा वास कळतो, कायदा कळत नाही. मेंढ्यांची कोकरं आहेत, त्यांच्यामागे तो धावला तर शेतकऱ्याला गोळी घालायची मुभा आहे. माझ्या हाताची पकड या वयात सैल होत चालली आहे, ती तेवढी घट्ट ठेव. आणि उन्हाला अंग शेकत पडलेला अ‍ॅडर, या बेटावरचा एकुलता एक विषारी साप, आपल्या फुरशाच्या गोतावळ्यातला, त्याच्या नाकापासून दूर ठेव.

ब्लूबेल फुललेत. बीचच्या कोवळ्या पानांखाली सगळी जमीन निळी, गोकर्णीहून थोडी फिकी. सवयीने हात पुढे गेला, तुला वाहायला चार फुलं घ्यावीत म्हणून. मग मागे घेतला. इथे खुडत नाहीत, आणि पायाखाली पानं चेपली तर कंद पुढच्या वर्षांच्या फुलांनाही मुकतो. म्हणून सबंध रान तुला मनानेच वाहिलं. वाटेवरूनच. पोचलं का?

दत्ता, भागवतातला तो अवधूत तूच असं आम्ही मानतो, ज्याने चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, समुद्र, कबूतर, अजगर, कोळी, गांधीलमाशी. प्रत्येक फुलातून थोडंथोडं घेणारी मधमाशी आहे, जिच्यावरून मधुकरी आली. स्वतःचं घर न बांधता दुसऱ्याच्या बिळात राहणारा सापसुद्धा आहे. कुत्रा नाही. पायाशी चार, आणि यादीत एकही नाही! कुरर पक्ष्याने चोचीतला मांसाचा तुकडा टाकला आणि तो सुखी झाला, म्हणून तो तुझा गुरू. आमच्या खंड्याने तोंडातलं आजवर काहीही टाकलेलं नाही, आणि तरी तो सुखी आहे. याचा खुलासा तू कर.

मी मात्र त्याला पंचविसावा केला आहे. तुला विचारलं नाही. बत्तीस वर्षं मी या देशात आहे आणि कुणी घर कुठे म्हणून विचारलं की अजून क्षणभर थांबते. कोल्हापूर म्हणू की रेडिंग? हा चाकं थांबली की अंग टाकतो.

तो बारा वर्षांचा झाला. दाराची पायरी आता त्याला चढवत नाही, ह्यांनी फळी टाकून उतरण केली आहे. निवाऱ्यातून आणला तेव्हा दीड वर्षाचा होता, खांबाला बांधून कुणी सोडून गेलेला. त्याचं आयुष्य वाढव असं मी मागत नाही, कारण तू ते करत नाहीस हे मला माहीत आहे. एवढंच कर, की जेव्हा न्यायचं तेव्हा आम्ही दोघं जवळ असताना ने. पुन्हा कुठल्या खांबाशी नको.

परवा लाइम रीजिसला जायचं आहे. मेरी अ‍ॅनिंगचं गाव ते. तिने तिथल्या कड्यांतून जलसरड्यांचे जीवाश्म खणून काढले, 1823 मध्ये अख्खा प्लेसिओसॉर. तिचा ट्रे नावाचा कुत्रा 1833 मध्ये दरड कोसळून तिच्या पायाशी गाडला गेला, ती थोडक्यात वाचली. लंडनच्या संग्रहालयातल्या तिच्या चित्रात तो आहे, पायाशी, तुझ्या तसबिरीतल्यासारखा. ते कडे अजून ढासळतात. आम्ही लांबून, वाळूवरूनच चालू. तू वर हात धरून ठेव, सहा आहेत तुला.

आणि आता उद्याचं. दिवसभर पाऊस आहे, आमची जागा गवतावरची आहे, आणि संध्याकाळीच डावं चाक चार बोटं रुतलेलं मी पाहिलं. ह्यांना सांगितलेलं नाही, सांगितलं असतं तर ते झोपले नसते. सकाळी नऊला निघायचंय. शेजारी खुर्च्या मांडून बसायच्या आत, एका दमात, गाडी चिखलातून बाहेर काढ.